आंबा संपल्यावर बघू

आंब्याच्या चिकाचा वास मला सहन होत नाही. हे लिहिणाऱ्या माणसाची कुणकेश्वराच्या अलीकडच्या सड्यावर कलमांची बाग आहे, वय पंच्याहत्तर आहे आणि सगळा जन्म याच वासात गेला आहे. वाचून कोणाला हसू येईल तर येऊ दे. चैत्र लागला, पॅकिंगच्या शेडमध्ये गवताचे भारे येऊन पडले, देठ मोडलेल्या फळांचा तो तिखट, डोळ्यांत चढणारा वास पडवीपर्यंत आला, की मी खिडकी लावून घेतो. उकडतं. उकडू दे.

या दिवसांवर लोक फार प्रेमाने लिहितात. मोहरावर लिहितात, कोकिळेवर लिहितात, आढीत पिकणाऱ्या पहिल्या फळावर तर पानंच्या पानं लिहितात. त्यांनी एकदा चैत्रातलं इथलं घर आतून बघावं. घरात तेव्हा माणसं नसतात, हात असतात. उतरवणारे हात, निवडणारे हात, पेटीत गवत दाबणारे हात, या सगळ्या हातांना दुपारी भात वाढणारे आणखी दोन हात. त्या हातांना पुढे शरीर जोडलेलं आहे हे कोणाला आठवत नाही. मुंबईहून फोन येतो, "काका, यंदा कसा आहे?" मी क्षणभर फसतो. मग कळतं, आंबा कसा आहे ते विचारतायत. फोन आपटावासा वाटतो, पण मी सांगतो, "बरा आहे, डाग कमी आहे."

आमच्याकडे दुखण्यांनाही सिझनची परवानगी लागते. दाढ ठणकली तर लवंग धर, ज्येष्ठात काढू. डोळ्यावर पडदा आला तर पावसात बघू. माझ्या बापाचं आतडं उतरलं होतं. त्याने पंचा घट्ट गुंडाळला आणि झाडावर चढायचं सोडून बुंध्याशी उभं राहून शिव्या घालायचं काम घेतलं. "आंबो संपांदे, मगे बघूया," हे वाक्य मी त्याच्याकडून शिकलो, त्याने त्याच्या बापाकडून. ते आळशी माणसाचं वाक्य नाही. वर्षाचं पोट चाळीस-पन्नास दिवसांत भरायचं असतं हे खरंच आहे, आणि खरं आहे म्हणूनच ते वाक्य इतकं घातक आहे. खोट्या सबबीची माणसाला कधीतरी लाज वाटते. खऱ्या सबबीची कोणाला वाटणार?

सात वर्षांपूर्वीचा फाल्गुन. पहिली तोड सुरू झाली होती. मी मागीलदारी हात धूत होतो. इंदू, माझी बायको, पाणी घालत होती. तांब्या खाली ठेवून तिने उजवा हात डाव्या काखेच्या जरा पुढे दाबला.

"अवो, हयसर हाताक कायतरी लागता."

"दुखता?"

"नाय."

"मगे घळीचो दांडो लागलो आसतलो."

घळ म्हणजे आंबा उतरवायची जाळीची काठी. बागेत ती कोणाला ना कोणाला रोज लागते. इंदू विचार करून म्हणाली, "दांडो लागलो तर दुखाक होया."

"डॉक्टर झालंस काय गो? आंबो संपांदे, मगे बघूया."

तिने तांब्या उचलला आणि माझ्या हातावर उरलेलं पाणी घातलं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काय दिसलं असतं, हे मी पुढे अनेकदा कल्पून बघितलं आहे, आणि प्रत्येक वेळी स्वतःला सोयीचंच काहीतरी कल्पिलं आहे.

पाडवा झाल्यावर ती म्हणाली, वेंगुर्ल्याला भावाकडे जाते, वहिनीचा गुडघा धरलाय. मला राग आला. भर सिझनला कोण माहेरी जातं? जेवण वाढायला शेजारची बाई ठेवावी लागली आणि तिच्या आमटीवरून मी आठ दिवस कुरकुरलो. नवव्या दिवशी इंदूचा फोन आला. मी शेडमध्ये होतो.

"उद्या ऑपरेशन आसा. सांगूक होया म्हणान सांगतंय."

"कसला ऑपरेशन? आदी कित्याक नाय सांगलंस?"

"आदी सांगलेलंय. मागीलदारी."

"येव काय?"

"ता तुमचा तुमी बगा."

मी माझं बघितलं. ट्रक भरायचा होता, तो भरला. ऑपरेशन झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी गोव्याच्या इस्पितळात पोचलो. वहिनीचा गुडघा उत्तम होता. तीच इंदूला डॉक्टरकडे, मग सोनोग्राफीला, मग सुई घालून तपासायला आणि शेवटी इथवर घेऊन आली होती. माझ्याशी ती "चहा तिकडे मिळतो" एवढं एकच वाक्य बोलली, आणि तेही शुद्ध पुस्तकी मराठीत. आमच्याकडे परक्याशी तसं बोलतात.

डॉक्टर भला माणूस होता. गाठ लहान होती, म्हणाला, काखेत पसरलेलं नव्हतं, त्यामुळे गाठ आणि भोवतीचा थोडा भाग एवढंच काढावं लागलं. पुढे औषधं आणि रेडिएशन. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बरं केलंत, लवकर आणलंत."

मी म्हणालो, "हो."

इंदू उशीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे. त्या एका अक्षरापासून पुढचं सगळं सुरू झालं. मोठं खोटं बोलायची मला सवय नव्हती. पहिलं खोटं इतकं लहान होतं की ते मी बोललो हे मलाही नीट ऐकू आलं नाही.

तो सगळा सिझन ती वेंगुर्ल्याला राहिली. तिथून गाडीने गोव्याला जायची, औषध चढवून यायची, दोन दिवस उलट्या काढायची. मी रविवारी जायचो, उत्तम फळांची पेटी घेऊन. तिला वासानेसुद्धा ओकारी यायची. तरी मी न्यायचो. रिकाम्या हाताने जायला मला भीती वाटायची. गावात सांगितलं होतं, वहिनीचं दुखणं लांबलंय.

ज्येष्ठ संपताना ती घरी आली, डोक्यावर पदर घट्ट ओढून. पदराखाली केस नव्हते. लपवण्यासारखं काही राहिलं नाही. लोक भेटायला आले आणि विचारू लागले, कधी कळलं? आता चैत्रात म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: "मगे तेवा तुमी खंय होतास?" बायको नवऱ्याला न सांगता गेली, आणि गेली हे बरं केलं, ही दोन वाक्यं मला एका दमात म्हणता येईनात. मी म्हणालो, "सिझनच्या शेवटाक कळला. पेटये संपवले आणि न्हेलंय."

लोकांना ते फार आवडलं. इतकं आवडलं की त्याची म्हण झाली. "आबान सिझनय सांभाळलो आणि बायलय सांभाळली." लग्नात, बाजारात, देवळाच्या पायरीवर मी ही म्हण ऐकली आणि दर वेळी किंचित मान झुकवली, स्तुती ऐकताना सभ्य माणूस झुकवतो तशी. आज ते आठवलं की स्वतःची मान पकडून हलवावीशी वाटते.

इंदू गप्प का राहिली, हे मी तिला पुढे कधीतरी विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "माका बरा होवचा होता. तुमच्या खोट्यावांगडा भांडत बसाक आंगात जोर नाय होतो."

ती बरी झाली. ठणठणीत झाली म्हणत नाही. डावा हात जड उचलत नाही, कधी सुजतो. वर्षातून एकदा तपासणीला जाते, जाताना मला सांगत नाही, आल्यावर सांगते. चैत्रात ती आता शेडमध्ये पाऊल टाकत नाही. भर सिझनला पडवीत खुर्ची टाकून पाय पसरून रायवळ आंबे चोखत बसते, कोयी अंगणात फेकते आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी मोठ्याने हसते. एवढ्या कामाच्या गर्दीत तिचं ते निवांत बसणं माझ्या पूर्वीच्या जन्मात मला डोळ्यांसमोर चाललं नसतं.

इथवर जे लिहिलं ते नवरा-बायकोतलं आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. खोटं आपल्या घरात राहतं, असं माणसाला वाटतं. ते राहत नाही.

पार्वती आमच्या शेडमध्ये निवडायला होती, माझ्याकडे वीसेक वर्षं. तिच्याइतका हात मी दुसऱ्या कोणाचा बघितला नाही. फळ उचललं, अंगठा देठापाशी एकदा टेकवला, की तिला कळायचं. बाहेरून नितळ, आतून गर पांढरा आणि भुसभुशीत, त्याला आम्ही साका म्हणतो. साका कापल्याशिवाय ओळखता येत नाही असं शिकलेले लोक सांगतात. पार्वती दहात आठ वेळा न कापता बाजूला काढायची.

इंदू बरी झाल्यानंतरच्या दुसऱ्या चैत्रात, दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या होत्या तेव्हा, पार्वतीने खाली मान घालून मला विचारलं.

"आबा, काकींची गाठ दुखत होती काय हो?"

"नाय. दुखत नाय होती."

"मगे कधी न्हेलास?"

"सिझन संपवन. ज्येष्ठात."

"आणि बरी झाली."

"बगतंस मा? पडवेत बसली आसा ती."

पार्वतीचा हात फळावर थांबला होता. एवढा वेळ तो कधी थांबत नसे. मग तिने ते फळ पेटीत ठेवलं आणि म्हणाली, "मगे बरा."

मला तेव्हा कळलं होतं. पुढे लिहायच्या आधी हे लिहितो, म्हणजे मागाहून पळवाट राहणार नाही. कोणी उगाच विचारत नाही, गाठ दुखत होती काय. मला कळलं होतं आणि त्याच क्षणी हेही आठवलं होतं, की अजून अर्धी बाग उतरायची आहे आणि असा हात दुसरा नाही. हे दोन्ही विचार डोक्यात एकदम आले. मी दुसऱ्या विचाराला बसायला जागा दिली.

ती ज्येष्ठात जाणार होती. तेव्हा भात लावणी आली, मग ती झाल्यावर डॉक्टरकडे गेली. तिथे सांगितलं, उशीर झालाय, यकृतापर्यंत गेलंय. पुढच्या मोहराला पार्वती नव्हती.

तिच्या बाराव्याला मी गेलो. तिची मुलगी नीता, तेव्हा विशीतली, माझ्यासमोर येऊन बसली आणि कसलाही आरोप नसलेल्या आवाजात म्हणाली, "आये म्हणत होती, आबांनी काकीक आंबो संपवन न्हेल्यानी आणि ती बरी झाली. मगे माका काय होता?" मी म्हणालो, "नशीब, बाय." आणि चहा प्यालो.

तेव्हापासून चार चैत्र गेले. या वर्षी नीता आईच्या जागी निवडायला आली. मी नको म्हणू शकलो नाही, धड ये असंही म्हटलं नाही. मी शेडमध्ये जाणं कमी केलं. पण शेडची भिंत पत्र्याची आहे, आणि परवा सकाळी मी पलीकडे पाइपला जोड लावत बसलो होतो. आत शेवंती बोलत होती. शेवंती म्हणजे आमच्या शेडचा रेडिओ.

"माझ्यातय आसा गो एक गाठ. वाटाण्याएवढी. दाबलंय तर उंदरासारकी पळता."

सगळ्या हसल्या. कोणीतरी विचारलं, "घोवाक सांगलंस?"

"घोवाक? तेका घरात चायची पावडर गावणा नाय, गाठ खंय गावतली?"

पुन्हा हसू. मग शेवंती म्हणाली, "ती दवाखान्याची आशाताय माझ्या मागे लागलीहा, चल तपासूक, चल तपासूक. म्हटलंय, आंबो संपांदे गो बाय. आबांची काकी नाय गेली सिझन संपवन? घोड्यासारकी आसा. नीताची आवस बिचारी... जावंदे. नशीब लागता. जेच्या तेच्या कपाळार."

पत्र्याच्या फटीतून मला नीताचे हात दिसत होते. ते काम करत होते.

मी पाना हातात धरून तसाच बसलो. पार्वतीचा जीव माझ्या वाक्यामुळे गेला, हे ओझं मी चार वर्षं वाहतच होतो. त्या ओझ्याची सवयही झाली होती, खोटं कशाला बोलू. पण पत्र्यामागे बसून मला पहिल्यांदा कळलं की ते खोटं अजून थांबलेलं नाही. दोन बायका, दोघी आंबा संपवून गेल्या, एक वाचली, एक मेली. या हिशेबात पार्वतीच्या मरणाला कपाळ सोडून दुसरं कारणच उरत नव्हतं. दोघींमधला खरा फरक फक्त काही महिन्यांचा होता आणि तेच महिने मी पुसून टाकले होते. माझी लाज झाकायला मी उशिराचं नाव नशीब ठेवलं, आणि आता ते नाव घेऊन शेवंती हसत बसली होती.

मी आत गेलो. म्हणालो, "हात थांबवा."

"काय झाला आबा, साको गावलो?" शेवंतीने विचारलं.

"इंदू आंबो संपवन नाय गेली. चैत्रात गेली. माका न सांगता गेली, म्हणान वाचली. मी तुमका सगळ्यांका खोटा सांगलंय."

नीताने हातातलं फळ खाली ठेवलं.

"बाराव्याक माझ्यासमोर बसलास."

"होय."

"तेवा म्हायत होता?"

"होय."

"आये विचारूक इली तेवा?"

"तेवाय."

"चाय घेतलास."

"होय."

"दोन येळा," नीता म्हणाली, उठली आणि बाहेर गेली.

मी शेवंतीकडे वळलो. "ऊठ. आशाक फोन कर."

"आबा, ही रास तरी..."

"रास मरांदे!"

"ओरडतास कित्याक? माझी गाठ माझी आसा. सगळ्या गावासमोर..."

"ऊठ म्हणतंय ना!"

ती उठली. दारापर्यंत जाताना तिने मला, माझ्या बागेला आणि माझ्या पंच्याहत्तर वर्षांना जे जे म्हणता येईल ते सगळं म्हटलं. पण गेली. दुसऱ्या दिवशी आशाताईबरोबर जाऊन तपासून आली, पुढची तपासणी सांगितली आहे, तीही केली. निकाल अजून यायचा आहे. तो चांगलाच येईल असं लिहून मला शेवट गोड करायचा नाही. लवकर गेली, एवढंच आज म्हणता येतं, आणि ते लहान नाही.

इंदूने पडवीतून सगळं ऐकलं होतं. मी जाऊन पायरीवर बसलो. तिने कोय अंगणात फेकली.

"मी ठरवलेलंय," ती म्हणाली, "तुमी गेल्यावर मीच सांगतलंय. तुमच्या बाराव्याक, सगळ्यांसमोर."

"मगे आता काय सांगतलंस?"

"बगूया. गावतला कायतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नीता आली. कामाला आली नव्हती. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "तोंडान सांगलेला ऱ्हवणा नाय. माझ्या आयेकय तोंडानच सांगलास. लिवन दिया. म्हयन्यासकट."

मी कागद घेतला. लिहिलं: इंदूला गाठ फाल्गुनात लागली. गाठ दुखत नव्हती. ती मला म्हणाली, मी आंबा संपल्यावर बघू म्हणालो. ती माझं न ऐकता गेली आणि चैत्रात तिचं ऑपरेशन झालं. लवकर गेली म्हणून ती आज आहे. आम्ही सिझन संपवून गेलो हे मी पसरवलेलं खोटं आहे. ते मी पार्वतीला सांगितलं, आणि पार्वती थांबली.

नीताने उभ्यानेच वाचलं. "सही," ती म्हणाली. मी सही केली. तिने तो कागद नेला आणि शेडच्या दाराला खळ लावून चिकटवला, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. त्यानंतर ती माझ्या शेडमध्ये आलेली नाही. वाटेत भेटली तर मान फिरवते. फिरवू दे.

कागद मी काढलेला नाही. बागवाले येतात, वाचतात आणि भावाची चर्चा न करता जातात. एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आबा, घरातला घरात ऱ्हवाक होया होता." मी त्याला त्याच्या घरातल्या बायकांची नावं घेऊन एकेकीची विचारपूस केली, तेव्हा तो गेला.

काल दुपारी कोल्हापूरकडचा ट्रकवाला आला. चाळिशीचा गडी, दरवर्षी येतो, भरपूर बोलतो. दारासमोर उभा राहून ओठ हलवत त्याने कागद शेवटपर्यंत वाचला, सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्याने पेट्या चढवल्या. मी तांब्या पुढे केला, तो त्याने घेतला नाही. ताडपत्री बांधून तो केबिनमध्ये चढला. गाडी सुरू होईना, म्हणून मी पुढे गेलो, तर तो कानाला फोन लावून बसला होता आणि पलीकडच्या कोणावर तरी खेकसत होता.

"भांगलण राहू दे म्हणतोय न्हवं! ऊस काय पळून चाललाय व्हय? दुखत नसलं तरी जा. उद्या न्हाई. आत्ताच्या आत्ता जा."